आइस हॉकीच्या ड्राफ्टआधी पोरं कशी पारखायची, अगदी नवख्यांसाठी

एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडाची सगळ्यात वरची आइस हॉकी लीग, तिचा ड्राफ्ट, म्हणजे टीमनी आळीपाळीने नवी पोरं निवडणं, साधारण जूनच्या शेवटी होतो, ३२ टीम, ७ राउंड, एकूण २२४ पोरं निवडली जातात आणि त्यातली बहुतेक १८ ची, काही तर अजून १७ चीच असतात. हे आधी डोक्यात पक्कं बसवा कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आज कोण भारी खेळतोय हे शोधायचं नसतंच, हा पोरगा २३-२४ चा होईल तेव्हा दाढीमिशीवाल्या माणसांसमोर, अर्ध्या जागेत आणि अर्ध्या वेळात हेच करू शकेल का हे शोधायचं असतं. म्हणून काहीही बघा, गोल बघा, पास बघा, एखादा जोरदार धक्का बघा, स्वतःला एकच विचारायचं, वर गेल्यावर हे चालेल का? मी तर नोट्स काढताना "वर चालेल?" असा एक वेगळा कॉलमच ठेवतो, आणि खरं सांगायचं तर बाकीचे कॉलम रिकामे राहिले तरी फार बिघडत नाही.

पायरी १: पोरगा या वर्षी ड्राफ्टमधे आहे का, आणि नक्की किती वयाचा आहे

नियम सोपा आहे. ड्राफ्टच्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण होत असतील तर पोरगा पात्र, १६ सप्टेंबरला वाढदिवस असेल तर पुढच्या वर्षी या. ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबर १९९७ चा, म्हणजे फक्त दोन दिवसांमुळे त्याचा २०१५ चा ड्राफ्ट हुकला आणि २०१६ मधे टोरंटोने त्याला पहिल्या नंबरवर घेतला. उलटं उदाहरण मॅथ्यू शेफरचं, तो ५ सप्टेंबर २००७ चा, काठावर आत आला आणि २०२५ मधे न्यूयॉर्क आयलंडर्सनी त्याला पहिलाच उचलला.

आता यातून काय घ्यायचं? एकाच ड्राफ्टमधल्या दोन पोरांमधे जवळपास अख्ख्या वर्षाचा फरक असू शकतो आणि त्या वयात एक वर्ष म्हणजे चार-पाच किलो वजन, पायातली ताकद, ज्युनिअर लीगचा एक जादा सीझन, सगळंच. १६ सप्टेंबर ते ३१ डिसेंबरमधे जन्मलेल्यांना "लेट बर्थडे" म्हणतात, त्यांना हा जादा सीझन मिळालेला असतो त्यामुळे त्यांचे आकडे थोडे फुगलेले दिसणारच. तेव्हा नावापुढे पहिली गोष्ट जन्मतारीख लिहा, गोल-असिस्ट नंतर. आणि तुलना करताना लेट बर्थडेवाल्याचा या वर्षीचा सीझन आणि ऑगस्टमधे जन्मलेल्याचा या वर्षीचा सीझन एकमेकांशेजारी ठेवून निकाल देऊ नका, ते बरोबरीचे नाहीतच.

अजून एक, लहानपणापासूनच जानेवारी ते मार्चमधे जन्मलेली पोरं जास्त निवडली जातात कारण वयोगट १ जानेवारीपासून मोजतात आणि ती मोठी दिसतात, पुढे मग चांगले कोच, जास्त आइस टाइम म्हणजे बर्फावर खेळायची मिनिटं, सगळं त्यांनाच मिळत जातं. वर्षाच्या शेवटी जन्मलेला पोरगा इथपर्यंत टिकून आला असेल तर त्याच्याकडे जरा जास्त थांबून बघा, एवढंच.

आणि हो, पहिल्या वर्षी कोणी घेतलं नाही म्हणून पोरगा संपला असं नसतं, तो पुढच्या ड्राफ्टमधेही घेता येतो. कॉनर हेलेबक १९ चा असताना २०१२ मधे १३० व्या नंबरवर गेला, तेही एनएएचएल नावाच्या अमेरिकेतल्या दुसऱ्या दर्जाच्या ज्युनिअर लीगमधून, आणि पुढे तो एनएचएलच्या सगळ्यात चांगल्या गोलकीपरांपैकी एक झाला.

पायरी २: कुठल्या लीगमधे खेळतो

नवीन माणूस इथेच सगळ्यात जास्त गोंधळतो, कारण सगळ्यांचे पॉइंट (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलआधीचे पास, मिळून) एकाच तक्त्यात दिसतात आणि वाटतं जास्त पॉइंट म्हणजे जास्त भारी. २०२३ चे पहिले तीन घ्या. कॉनर बेदार्ड, पश्चिम कॅनडातली डब्ल्यूएचएल, ५७ मॅचमधे १४३ पॉइंट. लिओ कार्लसन, स्वीडनची एसएचएल, ४४ मॅचमधे २५ पॉइंट. अ‍ॅडम फँटिली, मिशिगन युनिव्हर्सिटीकडून कॉलेज हॉकी, ३६ मॅचमधे ६५ पॉइंट. नुसते आकडे बघितले तर कार्लसन कुठेच बसत नाही, पण तो फँटिलीच्याही आधी, दुसऱ्या नंबरवर गेला कारण एसएचएल ही मोठ्या माणसांची लीग आहे, तिथे १८ व्या वर्षी रोज बर्फावर उतरायला मिळणं हीच मोठी गोष्ट, त्यात २५ पॉइंट म्हणजे खूप झाले.

ढोबळ नकाशा असा. कॅनडात सीएचएलच्या छत्रीखाली तीन लीग, ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल, वय साधारण १६ ते २०. अमेरिकेत यूएसएचएल आणि प्लिमथ, मिशिगनमधला राष्ट्रीय डेव्हलपमेंट प्रोग्राम, त्याच्यावर एनसीएए म्हणजे कॉलेज, तिथे समोर २२-२३ वर्षांचे गडी असतात. आधी सीएचएलमधे खेळलेल्या पोरांना कॉलेजचं दार बंद असायचं, २०२५-२६ च्या सीझनपासून ते उघडलंय, त्यामुळे जुन्या वर्षांचे कॉलेजचे आकडे आणि आत्ताचे आकडे थेट जुळवताना जपून, खेळणारी माणसंच बदलली आहेत. युरोपात प्रत्येक देशाची ज्युनिअर लीग आणि वर सीनियर लीग, स्वीडनला एसएचएल, फिनलंडला लीगा, रशियात केएचएल आणि त्याखाली व्हीएचएल आणि ज्युनिअरची एमएचएल.

प्रत्येक लीगमधला एक पॉइंट एनएचएलच्या हिशोबात किती भरेल याचे गुणक लोकांनी काढलेले आहेत, त्याला एनएचएल इक्विव्हॅलन्सी म्हणतात. केएचएलमधला एक पॉइंट सीएचएलमधल्या एका पॉइंटच्या दुपटीहून जास्त भरतो, एसएचएल त्यांच्या मधे कुठेतरी. हे गुणक वापरा पण देव मानू नका, कारण ते सरासरीवर काढलेत आणि तुमच्यासमोर सरासरी नाही, एक पोरगा आहे. सीनियर लीगमधे बरेचदा १७-१८ च्या पोराला चौथ्या लाइनवर, म्हणजे सगळ्यात कमी खेळवल्या जाणाऱ्या फॉरवर्डच्या तिकडीत, दोन-तीन मिनिटं देतात आणि बाकी मॅच बाकावर बसवून ठेवतात, मग पॉइंट येणार कुठून. म्हणून आइस टाइम बघितल्याशिवाय सीनियर लीगच्या आकड्यांवर बोलायचंच नाही.

खालच्या लीगचं उलटं. केल मकार अल्बर्टाच्या एजेएचएलमधे ब्रुक्स बँडिट्सकडून खेळायचा, सीएचएलच्याही खालची पातळी, सगळ्यांना शंका होती की असल्या लीगमधे कोणीही हिरो दिसतो. २०१७ मधे कोलोरॅडोने चौथ्या नंबरवर घेतला आणि २०२२ मधे स्टॅनले कप (एनएचएलचं विजेतेपद), नॉरिस (सर्वोत्तम डिफेन्समन) आणि कॉन स्मिथ (प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू) तिन्ही एकाच वर्षात. फरक असा की तो त्या लीगला पुरून उरत होता तो नुसत्या ताकदीवर नाही, त्याच्या पायांचं काम आणि निर्णयाचा वेग कुठल्याही लीगमधे चालला असता. परत तोच प्रश्न, वर चालेल का.

पायरी ३: आकडे फोडून बघा

एलिट प्रॉस्पेक्ट्ससारख्या साइटवर प्रत्येक पोराचे आकडे फुकट दिसतात, लीगच्या स्वतःच्या साइटवर त्याहून खोल. तिथून हे काढा: पाच विरुद्ध पाच खेळताना किती पॉइंट आणि पॉवरप्लेवर, म्हणजे समोरचा गडी शिक्षेमुळे बाहेर असताना, किती, असिस्टपैकी पहिला असिस्ट (गोलच्या अगदी आधीचा पास) किती आणि दुसरा (त्याच्याही आधीचा) किती, शॉट किती मारले आणि त्यातले किती टक्के आत गेले. अर्धेअधिक पॉइंट पॉवरप्लेचे असतील तर लाल पेनने खूण करा, कारण वर गेल्यावर पहिल्या पॉवरप्ले युनिटमधे जागा मिळायलाच वर्षं जातात. दुसरा असिस्ट बरेचदा नशिबाचा असतो, पक म्हणजे खेळायची रबरी चकती आपल्यापासून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने गोल मारला. शॉटची टक्केवारी एकाच सीझनमधे अचानक चढली असेल तर पुढच्या वर्षी उतरेल असं धरूनच चाला. प्लस-मायनस, म्हणजे पोरगा बर्फावर असताना टीमने मारलेले वजा खाल्लेले गोल, बघूच नका, त्यात पोरापेक्षा टीम जास्त दिसते.

शेजारी कोण खेळतंय हा मोठा प्रश्न. अ‍ॅलेक्स डेब्रिंकॅट ओएचएलमधे एरी ऑटर्सकडे होता, २०१४-१५ मधे ५१ गोल, आणि त्याच टीममधे तेव्हाचा ज्युनिअरमधला सगळ्यात भारी पोरगा कॉनर मॅकडेव्हिड, साहजिकच लोक म्हणाले की मॅकडेव्हिडच्या जिवावर मारलेत. पुढच्या सीझनला मॅकडेव्हिड एनएचएलमधे निघून गेला आणि डेब्रिंकॅटने परत ५१ च मारले. तरी उंची पाच फूट सात म्हणून तो २०१६ मधे ३९ व्या नंबरपर्यंत घसरला आणि नंतर एनएचएलमधे दोनदा ४१ गोलचा सीझन काढला. तेव्हा "पार्टनरमुळे" असं म्हणायच्या आधी पार्टनर नसतानाच्या मॅच शोधा, जखमी असतो, वर्ल्ड ज्युनिअर्स या २० खालच्या स्पर्धेला गेलेला असतो, अशा दहा-बारा मॅच बहुतेक वेळा सापडतात.

आकड्यांचं काम इथे संपलं. आकडे कोणाला बघायचं ते सांगतात, काय दिसेल ते नाही.

पायरी ४: मॅच बघायची पद्धत

एका मॅचमधे एकच पोरगा, फार तर दोन. मॅच म्हणून बघू नका, स्कोअर विसरा, त्याची शिफ्ट, म्हणजे बर्फावर उतरायची पाळी, सुरू झाली की डोळे फक्त त्याच्यावर. एक शिफ्ट साधारण ४०-५० सेकंदांची असते आणि त्यातही त्याच्या स्टिकवर पक फार थोडा वेळ असतो, अख्ख्या मॅचमधे २० मिनिटं खेळला तरी. म्हणजे बाकीच्या सगळ्या वेळात तो काय करतो यावरच तुमचा खरा अंदाज बसणार. इथे टीव्हीचा कॅमेरा आडवा येतो कारण तो पकच्या मागे फिरतो, म्हणून जमलं तर रिंकवर जाऊन, जरा उंचावर बसून एखादी मॅच बघा, नाही जमलं तर लीगच्या स्ट्रीमवर जास्त मॅच बघून भरपाई करा. व्हिडिओचा फायदा वेगळाच आहे, मागे नेऊन परत बघता येतं.

हायलाइट्सवरून मत बनवू नका. तीन मिनिटांच्या क्लिपमधे कोणीही गुणी दिसतो. त्यापेक्षा टीम ५-१ ने हरलेली एखादी मॅच, बाहेरगावची, सलग दुसऱ्या रात्रीची, ती लावा. आणि कमीत कमी चार-पाच मॅच वेगवेगळ्या महिन्यांतल्या, ऑक्टोबरमधली एक, जानेवारीतली, प्लेऑफमधली, कारण या वयात पोरगं सहा महिन्यांत बदलतं आणि ती सुधारणेची दिशाच बरेचदा सगळ्यात महत्त्वाची असते.

पायरी ५: स्केटिंग

सरळ रेषेतला वेग सगळ्यांना दिसतो म्हणून सगळे त्यालाच स्केटिंग समजतात. पण बर्फावर सरळ पळायला जागा मिळतेच किती? बघायचं ते पहिल्या तीन पावलांत किती उसळी घेतो, गुडघे वाकलेले आहेत की ताठ उभा राहून ढकलतोय, वळताना वेग टिकतो की मरतो, दोन्ही बाजूंना तेवढ्याच सहज वळतो का, मागे स्केट करताकरता पुढे फिरताना अडखळतो का. आणि पक स्टिकवर असताना हे सगळं तसंच राहतं का, कारण काही पोरं मोकळी असताना वाऱ्यासारखी आणि पक आला की निम्म्या वेगाने.

दोष दिसला की दोन प्रकारांत टाका. ताकद कमी असल्याने आलेला दोष बराचसा जिममधे जातो, बारीक पायांचा पोरगा १७ ला हळू असेल तर २१ ला नसेलही. ढबच वाकडी असेल, घोटे आत पडतात, कंबर वर राहते, तर ते सुधारणं जास्त अवघड, पण अशक्य नाही. ब्रेडन पॉइंट २०१४ मधे ७९ व्या नंबरपर्यंत राहिला त्यात उंचीसोबत स्केटिंगवरची शंकाही होती, आणि त्याच पॉइंटने २०२२-२३ मधे टॅम्पाकडून ५१ गोल मारले. दुसऱ्या बाजूला मार्क स्टोन, २०१० मधे १७८ वा, स्केटिंग कधीच फार भारी झालं नाही, तरी तो वेगासचा कॅप्टन म्हणून २०२३ चा स्टॅनले कप उचलून बसला. तो कसा पोचला ते पुढच्या पायरीत.

पायरी ६: डोकं

याला इंग्रजीवाले हॉकी सेन्स म्हणतात आणि प्रत्येक रिपोर्टमधे तो शब्द असतो पण म्हणजे काय ते कोणी धड सांगत नाही. माझ्या मते तो तीन गोष्टींत वाटून बघावा: पोरगा आधी बघतो का, आधी ठरवतो का, आणि ठरवलेलं चुकलं तर बदलतो का.

आधी बघणं तर मोजताच येतं. कोपऱ्यात पक घ्यायला निघालाय, पाठ मैदानाकडे, पक हातात यायच्या आधी मान वळवून खांद्यावरून मागे बघतो का? किती वेळा? चांगली पोरं दोनदा-तीनदा बघतात, म्हणून पक आला की त्यांना पुढचा पास माहीत असतो आणि लोकांना वाटतं की यांच्याकडे वेळ जास्त आहे. वेळ तेवढाच असतो, त्यांनी तो आधीच कमावलेला असतो. न बघणारा पोरगा ज्युनिअरमधे निभावून नेतो कारण मागून येणारा अर्धा सेकंद उशिरा येतो, वर तो अर्धा सेकंद नाही.

आधी ठरवणं तपासायला एक खेळ आहे, मला हा सगळ्यात जास्त उपयोगी वाटतो. व्हिडिओ लावा, त्याच्याकडे पक यायच्या क्षणाआधी थांबवा, चित्र नीट बघा आणि तुम्ही काय केलं असतं ते ठरवा. मग चालू करा. बहुतेक पोरं तुम्ही ठरवलेलंच करतील किंवा त्याहून वाईट. अधूनमधून एखादा असं काही करतो की तुम्ही परत मागे नेऊन बघता की हा पास होता कुठे, मला दिसला कसा नाही. असे क्षण एका पोराच्या चार मॅचमधे वारंवार येत असतील तर त्याच्या नावाखाली जाड रेघ ओढा, लीग कुठलीही असो.

तिसरं म्हणजे बदलणं. ब्लू लाइन (समोरच्यांच्या भागाची हद्द) पार करून आत आलाय, समोरचा डिफेन्समन अपेक्षेपेक्षा जवळ आहे, आता काय? काही पोरं ठरवलेली चाल रेटतात, तीन जणांमधून पक नाचवत जायला बघतात आणि ज्युनिअरमधे ते दहातून चार वेळा जमतंही आणि त्या चार वेळा इंटरनेटवर फिरतात. ही चाल वर चालत नाही, समोरच्याची स्टिक लांब असते आणि तो तुमच्या हातांकडे बघतच नाही, छातीकडे बघतो. त्यापेक्षा जो थांबतो, वेग कमी करतो, मागून येणाऱ्या सोबत्याची वाट बघून त्याला मधल्या जागेत पक देतो त्याचं चालतं. वर टिकणाऱ्या आणि न टिकणाऱ्या गोष्टींची यादी मी अशीच करत जातो. लांबून सणसणीत शॉट मारून गोल, न टिकणारी, कारण वरचे गोलकीपर तो बघत बसून अडवतात. अंगाने मोठा म्हणून बारक्या पोरांना ढकलून पक काढणं, न टिकणारी. कडेकडेने फिरत राहणं आणि मधे न घुसणं, अजिबात न टिकणारी. उलट गोलसमोरच्या जागेत पास पोचवणं, अरुंद जागेत देऊन लगेच परत घेणं, समोरच्याच्या आणि पकच्या मधे आपलं अंग आधी घालणं, पास आल्याआल्या शॉट सुटणं, हे सगळं टिकणारं. मार्क स्टोनचा सगळा खेळ यातला, समोरच्याचा पास कुठे जाणार हे आधी ओळखून स्टिक तिथे ठेवायची, पाय हळू असले तरी पोचतो आधीच.

आणि पक नसताना, विशेषतः पक गेल्यावर. पक हरवला की खांदे पाडून लांब वळण घेतो का लगेच मागे वळतो? एकदा-दोनदा आळस केला तर सोडा, पोरं थकतात, पण सवय असेल तर लिहा. मात्र याला "कॅरेक्टर" वगैरे मोठी नावं देऊ नका, तुम्ही त्या पोराला ओळखत नाही, तुम्ही फक्त त्याच्या शिफ्ट बघितल्यात.

पायरी ७: हात, शॉट आणि अंग

हे पटकन. शॉटमधे जोरापेक्षा किती लवकर सुटतो आणि पाय हलत असताना मारता येतो का ते बघा. हातांमधे खराब पास, पायाजवळ आलेला, उसळणारा पक किती सहज ताब्यात येतो ते.

उंची-वजनाबद्दल लीग साइटवरचे आकडे जरा सैल असतात, तेही धरून चला. बुटका पोरगा असेल तर त्याने बुटकेपणावर उपाय शोधलाय का हे बघा, म्हणजे धक्का यायच्या आधी पक गेलेला असतो का, बोर्डाजवळ कमरेत वाकून खाली राहतो का. उंच पोरगा असेल तर उलट विचारा की उंची काढून घेतली तर काय उरतं. उंच, जड आणि कामापुरतं स्केटिंग असलेल्या पोरांना टीम दरवर्षी लवकर घेतात आणि दरवर्षी त्यातली बरीच हरवतात, का घेतात ते मला आजही कळत नाही, पण घेतात हे धरून अंदाज बांधा.

डिफेन्समनचं गणित वेगळं

पॉइंटवर तर अजिबात जाऊ नका. मोरित्झ साइडर जर्मनीच्या डीईएलमधे मॅनहाइमकडून खेळत होता, २९ मॅचमधे ६ पॉइंट, डेट्रॉइटने २०१९ मधे सहाव्या नंबरवर घेतला तेव्हा सगळे चक्रावले, त्याला स्वतःलाही धक्का बसलेला टीव्हीवर दिसत होता. २०२२ मधे तोच वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. काय दिसलं असेल त्यांना? मोठ्या माणसांच्या लीगमधे समोरच्यापासून अंतर बरोबर राखणं, पक मागून उचलून पहिला पास शांतपणे देणं, आणि अंगात वाढायला अजून जागा.

तर डिफेन्समनसाठी दोन गोष्टी मोजा. एक, आपल्या झोनच्या कोपऱ्यातून पक उचलला की तो ताब्यासकट बाहेर जातो की नुसता काचेवर मारून सुटका करून घेतली जाते. दोन, समोरचा वेगात येतोय तेव्हा त्याला ब्लू लाइनवरच अडवतो की मागे मागे सरकत आपल्या गोलपर्यंत नेतो. एका मॅचमधे दोन्ही सहज मोजून होतात, कागदावर रेघा मारा. युरोपातले रिंक बऱ्याच ठिकाणी रुंद, ३० मीटरपर्यंत, आणि एनएचएलचा साधारण २६ मीटर, त्यामुळे तिकडे डिफेन्समनला मिळणारा वेळ इकडे मिळणार नाही आणि फॉरवर्डला कडेने मिळणारी जागाही.

गोलकीपर नवख्यांनी पहिल्या वर्षी सोडूनच द्यावेत, हे मी अगदी मनापासून सांगतोय. हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ वा, पेक्का रिने २५८ वा, इगॉर शेस्टर्किन ११८ वा, म्हणजे ज्यांचं हेच काम त्यांनाही १८ व्या वर्षी कळत नाही. बघायचेच असतील तर भारी सेव्ह मोजू नका, उलट जो शांत उभा असतो आणि पक त्याच्या अंगावरच येऊन आदळतो असं वाटतं तो बहुधा आधीच बरोबर जागी पोचलेला असतो.

पायरी ८: स्पर्धा आणि दुसऱ्यांच्या याद्या

ऑगस्टमधे हलिंका ग्रेट्झकी कप, नाताळच्या सुमाराला २० खालची वर्ल्ड ज्युनिअर्स, एप्रिलमधे १८ खालची वर्ल्ड चॅम्पियनशिप. फायदा असा की वेगवेगळ्या लीगमधली पोरं एका बर्फावर दिसतात, तोटा असा की पाच-सात मॅचमधे काहीही होऊ शकतं. एप्रिलच्या स्पर्धेत तर सीएचएल प्लेऑफमधे अडकलेली पोरं येतच नाहीत, आणि वर्ल्ड ज्युनिअर्समधे १७ च्या पोराला मोठ्यांच्या मागे थोडाच वेळ मिळतो. युराय स्लाफकोव्स्कीचं उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरतात: फिनलंडच्या लीगामधे ३१ मॅचमधे १० च पॉइंट, पण २०२२ च्या ऑलिंपिकमधे स्लोव्हाकियासाठी ७ गोल आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू, आणि मॉन्ट्रियलने त्याला पहिल्या नंबरवर घेतला. माझं मत विचाराल तर स्पर्धा लीगपेक्षा कमी मोजा पण शून्य नका मोजू. शेफरला घ्या, आजारपण आणि वर्ल्ड ज्युनिअर्समधे मोडलेलं कॉलरबोन यामुळे त्याच्या ओएचएलच्या १७ च मॅच झाल्या, अशा वेळी प्रत्येक उपलब्ध मिनिट बघावंच लागतं.

एनएचएलच्या स्वतःच्या पारख विभागाची, सेंट्रल स्काउटिंगची, यादी सीझनच्या मधे आणि शेवटी येते. तिच्यात चार वेगळ्या याद्या असतात, उत्तर अमेरिकेतले स्केटर (गोलकीपर सोडून बाकीचे), युरोपातले स्केटर आणि दोन्हीकडचे गोलकीपर, आणि त्या एकत्र केलेल्या नसतात. म्हणजे युरोपच्या यादीतला पाचवा आणि अमेरिकेच्या यादीतला पाचवा यांची आपापसात तुलना होत नाही, हे विसरून लोक तासन्‌तास भांडतात. मी स्वतः चार मॅच बघून नोट लिहून होईपर्यंत कोणाचीच यादी उघडत नाही, एकदा नंबर डोक्यात बसला की डोळ्यांना तेच दिसायला लागतं.

जूनच्या सुरुवातीला बफेलोत कम्बाइन होतं, सायकलवर दम काढणारी विंगेट टेस्ट, उड्या, पुलअप्स, आणि टीमच्या मुलाखती. बाहेरच्या माणसाला यातलं फार काही हाती लागत नाही. सॅम बेनेटला २०१४ मधे एकही पुलअप जमला नाही आणि त्यावर केवढी चर्चा झाली, तरी तो चौथा गेला आणि २०२५ मधे फ्लोरिडाकडून कॉन स्मिथ जिंकला.

पायरी ९: आपली यादी लावणं

एक ते शंभर असे नंबर सरळ लावायला बसू नका, आधी गट करा. पहिल्या दोन लाइनमधे खेळू शकेल असे, खालच्या लाइनमधे टिकेल असे, एकच गुण पण तो फार मोठा असे, आणि बाकी. गटाच्या आत नंबर लावताना अडलात तर दोघांमधला लहान कोण ते बघा, तेवढ्याने बऱ्याच गाठी सुटतात. पहिल्या गटात आठ-दहाच्या वर नावं आली तर परत चाळा, एवढी पोरं एका वर्षात सहसा नसतात.

प्रत्येक पोरावर पाच-सहा ओळींचा रिपोर्ट, त्यात तारीख, कुठल्या मॅच बघितल्या, काय टिकेल, काय नाही, आणि एक ओळ "माझं मत कशाने बदलेल" अशी. ही शेवटची ओळ लिहायचा कंटाळा येतो पण तीच नंतर कामाला येते. दुसऱ्या-तिसऱ्या राउंडनंतर सुरक्षित पोरांपेक्षा एका गोष्टीत खरंच वेगळी असलेली पोरं वर ठेवा, कारण सहाव्या राउंडमधला "बरा आहे" असा पोरगा बहुतेक वेळा कुठेच पोचत नाही, आणि तिथून वर आलेल्यांकडे, स्टोन असो नाहीतर १९९८ मधे १७१ वा गेलेला पावेल दात्सुक, काहीतरी एक असं असतं जे दुसऱ्या कोणाकडे नव्हतं.

ड्राफ्टच्या आदल्या रात्री यादी बंद करा, नंतर हात लावायचा नाही. आणि ज्यांना कोणीच घेतलं नाही पण तुमच्या यादीत वर होते त्यांची नावं खोडू नका, ती वेगळ्या पानावर काढून ऑगस्टपासून पुढच्या वर्षीच्या नावांसोबत परत बघायला लागा, फक्त आता ती एक वर्षाने मोठी आहेत तेव्हा अपेक्षाही तेवढ्याच वाढवून.